नसलेल्या गावचा सारा
(द्वितीय वर्ष कला)

हवेत इमले बांधणाऱ्याला आपल्याकडे कोणी शहाणा म्हणत नाही. परंतु त्या इमल्याखालच्या जागेचे भाडे दरमहा रोख वसूल करणाऱ्याला काय म्हणावे? ‘सेकंड लाइफ’ नावाच्या आभासी जगात २००६ सालच्या अखेरीस नवे बेट घ्यावयाचे झाले, तर सुरुवातीला १,६७५ डॉलर आणि पुढे दरमहा २९५ डॉलर भरावे लागत. बेट म्हणजे २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक चौकोन. आपल्या हिशेबाने सोळा एकर आणि वर सात-आठ गुंठे. त्यावर पाऊस पडून काही उगवत नाही, त्याचा सातबारा निघत नाही, आणि संगणक बंद केला की ते दिसतही नाही. घरी आईला हे सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, “मग तिथं पिकतं तरी काय गं?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आपण सर्वांनी रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त पाठ केलेला आहे. जमिनीचा पुरवठा माणसाला वाढवता येत नाही आणि सगळी जमीन सारखी सुपीक नसते, म्हणून चांगल्या जमिनीला खंड मिळतो, असे त्याने १८१७ साली मांडले. आभासी जगात ही दोन्ही कारणे लागू पडत नाहीत. तेथे जमीन हवी तेवढी निर्माण करता येते आणि एक बेट दुसऱ्या बेटासारखेच असते. तरीही माणसे खंड भरतात, खंड वाढला की चिडतात, निदर्शने करतात, गाव सोडून जातात. असे का व्हावे, याचा शोध घेताना मला जे सापडले ते येथे मांडत आहे.

प्रथम थोडे या जगांविषयी. संगणकाच्या पडद्यावर एक प्रदेश दिसतो. आपण त्यात एका बाहुलीच्या रूपाने वावरतो. आणि त्याच वेळी जगाच्या कानाकोपऱ्यातील शेकडो माणसे आपापल्या बाहुल्यांतून तेथे वावरत असतात. या बाहुलीला ‘अवतार’ म्हणतात. आपला शब्द तिकडे कसा पोहोचला म्हणाल, तर लुकासफिल्म या चित्रपटसंस्थेच्या शाखेने १९८६ साली ‘हॅबिटॅट’ नावाचे जग चालू केले, तेव्हा तेथील बाहुल्यांना हे नाव देण्यात आले. दशावतार त्यांना ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण शब्द अगदी चपखल बसला.

या हॅबिटॅटमधली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तेथे वस्तू विकणारी यंत्रे होती आणि वस्तू परत विकत घेणारी यंत्रेही होती. चालकांकडून किमती लावताना गफलत झाली. एका यंत्रातून बाहुली ७५ नाण्यांना मिळे आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र तीच १०० नाण्यांना घेई. स्फटिकाचा गोळा १८,००० ला मिळे आणि ३०,००० ला खपे. काही चतुर रहिवाशांच्या हे ध्यानात आले. त्यांनी रात्रभर येरझाऱ्या घातल्या, बाहुल्यांच्या नफ्यातून गोळे घेतले, आणि सकाळी चालकांनी पाहिले तो गावातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झालेला! आपल्याला वाटेल की आता गावाचा सत्यानाश झाला असेल. झाले भलतेच. त्या रात्रीच्या धनिकांनी त्या पैशातून इतर रहिवाशांसाठी खजिना शोधण्याचे खेळ भरवले, कोणी सांगितले नसताना. किंमत चुकली, पण गाव टिकले. मला वाटते, या विषयातला पहिला धडा हाच आहे: या जगांत किंमत लावणारा एक असतो आणि गाव चालवणारे निराळेच असतात.

आता सेकंड लाइफकडे वळू. फिलिप रोझडेल यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या लिंडन लॅब या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने हे जग २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुले केले. याला खेळ म्हणणे कठीण आहे, कारण यात शत्रू नाही, गुण नाहीत, हार-जीत नाही. कंपनी देते ती मोकळी जमीन, आकाश आणि बांधकामाची अवजारे. घरे, कपडे, झाडे, वाहने, नाचाची ठिकाणे, ग्रंथालये हे सारे रहिवासी स्वतः घडवतात. त्यासाठी ‘प्रिम’ नावाचे साधे आकार असतात: ठोकळा, गोळा, नळकांडे वगैरे. ते ताणून, वाकवून, जोडून वस्तू तयार होते. एका पूर्ण बेटावर १५,००० प्रिम मावत. वस्तूंची खरेदी-विक्री ‘लिंडन डॉलर’ या चलनात चाले, आणि हे चलन खऱ्या डॉलरात बदलूनही मिळे. पुष्कळ वर्षे एका अमेरिकन डॉलरला अडीचशेच्या आसपास लिंडन डॉलर असा भाव होता.

कर कशावर बसवावा, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला. सुरुवातीला कंपनीने बांधलेल्या प्रत्येक वस्तूवर कर ठेवला होता. जितके जास्त बांधाल तितका जास्त कर. यंत्रावर भार पडतो तो वस्तूंमुळेच, तेव्हा कंपनीच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. परंतु जास्त बांधणारे कोण? ज्यांनी सर्वांना फुकट फिरता यावे म्हणून मोठमोठी सार्वजनिक ठिकाणे उभारली तेच! अमेरिकेतील प्रसिद्ध स्थळांच्या प्रतिकृती उभारणारा ‘अमेरिकाना’ नावाचा एक गट होता. त्यांच्यावर कराचा बोजा सर्वांत जास्त. तेव्हा २००३ सालीच त्यांनी बंड पुकारले. १७७३ साली बॉस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकून अमेरिकनांनी इंग्रजांच्या कराचा निषेध केला होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नकोच. या मंडळींनी चहाची प्रचंड खोकी बनवून ती आपल्या बांधकामांवर रचली आणि निषेधाचे फलक लावले. गंमत अशी की, या खोक्यांवरही नियमाप्रमाणे कर लागू होता.

त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने वस्तूंवरचा कर काढून टाकला आणि जमिनीवर आकार बसवला. त्याच सुमारास, नोव्हेंबर २००३ मध्ये, रहिवाशांनी केलेल्या निर्मितीचा बौद्धिक हक्क त्यांचाच राहील असेही जाहीर झाले. ही दोन पावले एकत्र पाहावयास हवीत. घर तुमचे, पण घराखालची जमीन आमची आणि तिचा सारा आम्ही ठरवू, असा तो करार झाला. पुढची सगळी भांडणे या करारात दडलेली होती.

जमिनीवर आकार आल्यावर जमीनदार येणे ओघानेच आले. आयलिन ग्रेफ या जर्मनीत राहणाऱ्या, चीनमध्ये जन्मलेल्या बाईंनी ‘अँशी चुंग’ या अवतारनावाने बेटे घेतली, त्यांवर डोंगर-किनारे घडवले, तुकडे पाडले आणि ते भाड्याने दिले. मे २००६ मध्ये ‘बिझनेसवीक’च्या मुखपृष्ठावर त्यांचा अवतार झळकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपली तेथील मालमत्ता दहा लाख डॉलरांहून अधिक झाल्याचे त्यांनी जाहीर केले. जमीन मूळ कंपनीची, मधे जमीनदार, खाली कुळे. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली उतरंड संगणकात जशीच्या तशी अवतरली. त्याच सुमारास कंपनीने नव्या बेटांचा मासिक आकार १९५ वरून २९५ डॉलर केला, परंतु जुन्या मालकांना जुनाच दर ठेवला. त्यामुळे शेजारी-शेजारी सारखीच बेटे आणि सारा मात्र वेगळा, अशी स्थिती झाली. मुंबईच्या जुन्या चाळींतील भाडेकरूंची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पण खरे प्रकरण घडले ते २००८ साली, आणि माझ्या मते सगळा विषय समजण्यास तेच सर्वांत उपयोगी आहे.

पूर्ण बेटामागे कंपनीच्या यंत्रातील एक अख्खा गाभा राबत असे. परंतु बेटाभोवती नुसता समुद्र किंवा रान हवे असेल तर एवढी शक्ती लागत नाही. म्हणून कंपनीने ‘ओपनस्पेस’ नावाचे हलके तुकडे काढले. क्षेत्रफळ तेवढेच, पण चार तुकडे मिळून एका गाभ्यावर, आणि प्रत्येकावर प्रिम फक्त ३,७५०. मार्च २००८ पासून हे तुकडे सुटे मिळू लागले: सुरुवातीला २५० डॉलर आणि पुढे दरमहा ७५ डॉलर. डॉलर त्या वर्षअखेरीस पन्नास रुपयांच्या आसपास होता, म्हणजे महिन्याला पावणेचार हजार रुपये.

आता माणसाचा स्वभाव पाहा. सोळा एकर जमीन ७५ डॉलरला मिळते म्हटल्यावर तिच्यावर नुसता समुद्र कोण ठेवणार? लोकांनी घरे बांधली. तीन-तीन, चार-चार जणांनी मिळून तुकडा घेतला. लहान जमीनदारांनी अनेक तुकडे घेऊन भाड्याने दिले. रानासाठी काढलेल्या जागेत वस्ती झाली. मग यंत्रावर ताण पडू लागला, आणि ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केले की जानेवारीपासून दर ७५ ऐवजी १२५ डॉलर होईल. एकदम दोनतृतीयांश वाढ! ही गोष्ट अशा वेळची, की अमेरिकेत बँका कोसळत होत्या आणि लोकांच्या नोकऱ्या जात होत्या.

या वाढीचा परिणाम नुसत्या टक्केवारीत कळत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन मैत्रिणींनी एक तुकडा घेतला आहे. प्रत्येकीला महिन्याला २५ डॉलर पडतात. दर १२५ झाला की प्रत्येकीला जवळजवळ ४२ डॉलर पडणार. त्यांपैकी एकीला ते परवडत नाही, ती निघते. आता उरलेल्या दोघींवर साडेबासष्ट डॉलर. दुसरीलाही जमत नाही. तिसरीला एकटीला १२५ भरून त्या किनाऱ्यावर बसण्यात काय गोडी? म्हणजे दर वाढला दोनतृतीयांशाने, पण वस्ती उठली पूर्ण. जेथे माणसे खर्च वाटून घेतात तेथे भाववाढ एकेका माणसाला लागत नाही, ती त्यांच्यामधल्या धाग्याला लागते. मागणीची लवचिकता शिकताना आपण एकेकटा ग्राहक धरतो, त्याची आकृती काढतो; या मैत्रिणी त्या आकृतीत कोठे बसवायच्या हे मला अजून कळलेले नाही.

रहिवाशांनी हातात फलक घेतलेले अवतार जमवून निदर्शने केली, कंपनीकडे तक्रारींचा पाऊस पाडला. आठवड्या-दीड आठवड्यात कंपनी थोडी नमली. नुसत्या समुद्रासाठीचा तुकडा ७५ डॉलरलाच राहिला, पण त्यावरचे प्रिम ३,७५० वरून ७५० वर आणले. वस्तीच्या तुकड्याला ‘होमस्टेड’ असे नवे नाव मिळाले. त्याचा दर जानेवारी २००९ पासून ९५ आणि जुलैपासून १२५ डॉलर ठरला. म्हणजे दर शेवटी ठरला तेवढाच, फक्त दोन हप्त्यांत. मला विचाराल तर कंपनीची बाजूही अगदीच खोटी नव्हती. यंत्रे, वीज आणि नोकरांचे पगार फुकट होत नाहीत. परंतु ज्या स्वस्ताईने लोकांना तेथे घरे बांधावयास लावले ती स्वस्ताई कंपनीनेच जाहीर केली होती. घरे उभी राहिल्यावर मग नियम आठवावा, हे काही खरे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, नाही परवडत तर सोडून जावे! माझे वडील आठवडी बाजारात भाजी विकतात. ठेकेदाराने पावती वाढवली की दुसऱ्या गावच्या बाजाराला जाता येते, पाटी उचलली की झाले. पण वीस वर्षांचे गिऱ्हाईक पाटीत घालून नेता येत नाही. सेकंड लाइफमध्ये तर पाटीसुद्धा नेता येत नसे. निर्मितीचा हक्क रहिवाशाचा असला तरी घरात मांडलेल्या बहुतेक वस्तू दुसऱ्या कारागिरांकडून विकत घेतलेल्या, आणि त्यांची नक्कल बाहेर नेण्याची परवानगी नसावयाची. सर्वांत मोठी अडचण म्हणजे शेजारी. रिकार्डोच्या कोड्याचे उत्तर मला येथे सापडते. या जमिनीत पिकतो तो शेजार. बेट सगळी सारखी, पण ज्या बेटावर आपली माणसे रोज संध्याकाळी भेटतात ते एकच असते, आणि त्याचा पुरवठा कोणत्याही कंपनीला वाढवता येत नाही. खंड मिळतो तो त्या दुर्मिळतेचा. तो पिकवतात रहिवासी आणि घेते कंपनी.

शेजारासाठी माणसे काय करतात याचा एक दाखलाच आहे. ‘उरू’ नावाचे एक जग फेब्रुवारी २००४ मध्ये त्याच्या चालकांनी बंद केले. तेथल्या रहिवाशांचा जमाव फुटला नाही. ते स्वतःला निर्वासित म्हणवीत दुसऱ्या जगांत गेले. काही ‘देअर’ नावाच्या जगात, काही सेकंड लाइफमध्ये. तेथे त्यांनी आपल्या बुडालेल्या गावातील इमारती, कारंजी पुन्हा हाताने उभी केली. सेलिया पिअर्स या संशोधक बाईंनी त्यांच्यात राहून अभ्यास केला आणि २००९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. धरणाखाली गेलेल्या गावाचे लोक नव्या गावठाणात जुन्या देवळाच्या नावाने देऊळ बांधतात, त्याची मला हे वाचताना आठवण झाली. दुर्दैव असे की मार्च २०१० मध्ये देअरही बंद झाले. ते पुन्हा उघडले २०१२ साली, पण मासिक वर्गणी भरणाऱ्यांसाठी.

शिक्षणसंस्थांचे असेच झाले. त्यांना सेकंड लाइफमध्ये निम्मी सवलत होती. ती जानेवारी २०११ पासून काढण्यात आली. अनेक महाविद्यालयांनी बिऱ्हाड उचलले. कित्येक जण ‘ओपनसिम’ या कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या प्रणालीवर गेले. जुलै २०१३ मध्ये कंपनीने सवलत परत दिली, पण तोवर अडीच वर्षे उलटली होती.

सर्वच ठिकाणी मालकाचाच शब्द अखेरचा असतो असे मात्र नाही. आइसलँडच्या सीसीपी या कंपनीचे ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचे अंतराळातील जग २००३ पासून चालू आहे. २००८ पासून तेथे खेळाडूंनी निवडून दिलेले एक मंडळ कंपनीला सल्ला देते. जून २०११ मध्ये कंपनीने अवतारांसाठी शोभेच्या वस्तूंचे दुकान उघडले. त्यात एका डोळ्याला लावावयाचा चष्मा होता, किंमत साठ डॉलरांहून अधिक! या चष्म्याने लढाईत कसलाही फायदा होत नव्हता. ज्याला मिरवावयाचे त्याने घ्यावा. मग लोक का भडकले? कारण त्याच दिवसांत कंपनीचे एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटले. त्यात पुढे जहाजे आणि दारूगोळाही पैशाने विकण्याची चर्चा होती. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून जहाजे कमावली, त्यांना हा चष्मा म्हणजे पुढच्या अन्यायाची नांदी वाटली. किंमत नुसती किती द्यावयाचे ते सांगत नाही, हे गाव कोणाचे आहे तेही सांगते. खेळाडूंनी तेथील सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेत, जिटा येथे, जमून एका स्मारकावर तोफा डागल्या. कंपनीने निवडून आलेल्या मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले आणि लढाईत फायदा देणाऱ्या वस्तू पैशाने विकणार नाही, असे संयुक्त निवेदन काढले. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी, हिल्मार पेतुर्सन यांनी, जाहीर माफी मागितली. त्याच महिन्यात कंपनीने आपल्या नोकरवर्गातील पाचवा हिस्सा कमी केला. चष्म्याची खरी किंमत कोणाकोणाला पडली, ते या आकड्यात आहे.

सेकंड लाइफमध्ये असे मंडळ नव्हते, तरी हिशेब हळूहळू बदलला. जुलै २०१८ मध्ये कंपनीने पूर्ण बेटाचा मासिक आकार २९५ वरून २४९ डॉलरवर आणि सुरुवातीची रक्कम ६०० वरून ३४९ वर आणली. त्याच वेळी लिंडन डॉलर विकत घेण्यावरचे शुल्क वाढवले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर शेतसारा कमी केला आणि जकात वाढवली. वस्तूंवरून जमिनीवर गेलेला बोजा पंधरा वर्षांनी थोडा देवघेवीकडे सरकला. लहान भाडेकरूला हे सोयीचे, दुकानदाराकडून रोज काही ना काही घेणाऱ्याला थोडे जड. ज्या होमस्टेडवरून २००८ साली एवढे रण माजले, त्याचा दर त्या वेळी १२५ वरून १०९ डॉलर झाला. मूळच्या ७५ वर तो गेला नाही.